नारिंगी टोपीवरची नजर

पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी एक पाटी होती आणि पाटीवर अकरा नियम होते. घड्याळजींनी ते सगळे वाचले. एकदा नाही, तीनदा वाचले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला एखादी गोष्ट एकदाच बघून पुढे जाता येत नाही. स्क्रू घट्ट बसलाय हे माहीत असूनही तो पुन्हा एकदा पिळून बघतो. पळू नये, कुणाला ढकलू नये, अंग धुऊन मगच पाण्यात उतरावं, दोरीपलीकडे जाऊ नये, इथपर्यंत सगळं ठीक होतं. नवव्या नियमाशी ते अडखळले. आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर त्याचं स्वतःचं एक मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाने जीवरक्षक बाईंसमोर परीक्षा दिलेली हवी.

"कसली गं परीक्षा?" त्यांनी नातीला विचारलं.

"बघायची," नात म्हणाली. "नुसतं बघायचं, आबा. सोप्पी असते. आई पहिल्या झटक्यात पास झाली."

नात साडेसहा वर्षांची होती. एका जागी तिचा पाय ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. गेले दोन आठवडे ती आईबरोबर तलावावर येत होती. आई इस्पितळात परिचारिका. आजपासून तिची पाळी सकाळची झाली होती, म्हणजे आता एक तर आजोबांनी परीक्षा पास व्हायचं, नाहीतर भिंगरीचं पोहणं बंद. आणि पोहणं बंद म्हणजे काय, हे भिंगरीने आदल्या संध्याकाळी जमिनीवर गडबडा लोळून घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

ती लोळून दमल्यावर तिची आई, म्हणजे घड्याळजींची मुलगी, त्यांच्या समोर येऊन बसली होती.

"बाबा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"तुम्ही तिथे घड्याळ घेऊन नाही ना जाणार? दुरुस्तीचं?"

"अगं, तलावावर कोण घड्याळ नेतं?"

"तुम्ही आत्याच्या लग्नात नेलं होतं."

मुलीच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता. ती चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, तेव्हा घड्याळजी तिच्यापासून पाच पावलांवर टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. तिचं रडणं त्यांना शेजारच्या बाईने आत येऊन सांगितलं. ही गोष्ट घरात कुणी कधी काढत नसे. न काढल्यामुळे ती कुठे गेली होती असंही नाही.

"मी बघेन तिच्याकडे," ते म्हणाले होते. "डोळ्यांत तेल घालून बघेन."

मुलीने मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नव्हतं.

जीवरक्षक बाई पन्नाशीच्या असतील. काटक अंगाच्या, उन्हाने रापलेल्या. गळ्यात शिट्टी. सगळे त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणत आणि तोंडावर नुसतंच बाई. पाण्याच्या काठाशी शिडीसारखी उंच खुर्ची होती, तिच्यावरून त्या खाली उतरल्या आणि घड्याळजींना उथळ बाजूच्या बाकावर घेऊन गेल्या. बाकापासून पाणी दोन पावलांवर. लांबवर तरंगते गोळे ओवलेली दोरी, आणि दोरीपाशी तळाच्या फरशीचा खोल पाण्याकडे उतार सुरू होत होता.

"काका, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग तुम्ही उडी मारायची नाही. कधीच नाही. काही झालं तर हात वर करून ओरडायचं, उडी मी मारेन. तुमचं काम एकच. बघायचं."

"बरं."

"बुडणारं मूल ओरडतं असं वाटतं ना तुम्हाला?"

"ओरडत असेल ना."

"नाही ओरडत. तोंड पाण्याच्या बाहेर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, हाकेला जागाच उरत नाही त्यात. हातही हलवत नाही. हातांनी पाणी खाली दाबत असतं नुसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उभंय, खेळतंय." बाईंनी हे पाढे म्हटल्यासारखं सांगितलं, पण सांगताना त्यांची नजर पाण्यावरून हलली नव्हती. "म्हणून कानावर विसंबायचं नाही. वीस मिनिटं बसा. मग मी विचारीन ते सांगायचं."

वीस मिनिटांनी बाईंनी त्यांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं आणि नातीकडे आपण बघत राहिल्या.

"हं, सांगा. काय काय केलं तिने?"

"एकदा नाकात पाणी गेलं. सातव्या मिनिटाला. पाच वेळा तोंड पाण्यात घातलं, त्यातल्या तीन वेळा आधी डोळे मिटले. चष्मा दोनदा सारखा केला, डाव्या हाताने. शिडीला चार वेळा हात लावला. एका मुलीशी बोलली, निळी टोपी घातलेल्या."

"भिंगरीची टोपी कुठली?"

"नारिंगी."

"आणि त्या निळ्या टोपीवालीचे वडील कुठे होते?"

"ते... ते नाही पाहिलं."

"नकाच पाहू. आपलं मूल बघायचं. ज्याने त्याने आपलं." बाईंनी खिशातून पिवळा पट्टा काढून त्यांच्या मनगटाला बांधला. "हा बांधलाय तोवर फोन नाही, पेपर नाही, गप्पा नाहीत. दहावा नियम. तहान लागली तरी आधी मूल बाहेर, मग पाणी."

भिंगरीने पाण्यातून दोन्ही मुठी वर केल्या. "आबा पास!"

पुढचे आठ दिवस घड्याळजींच्या आयुष्यात असे काही गेले, की त्याला काय म्हणावं हे त्यांना कळलं नाही. सांगायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. एक म्हातारा माणूस सकाळी चाळीस मिनिटं बाकावर बसून एका पोरीकडे बघत होता, इतकंच. पण कुणा माणसाकडे सलग चाळीस मिनिटं बघणं त्यांनी आजवर केलं नव्हतं. बायकोकडे नाही, मुलीकडे नाही. आरशात स्वतःकडेही नाही.

जन्मभर त्यांनी जे पाहिलं ते पुन्हापुन्हा तसंच घडणारं होतं. चक्र फिरलं की दात अडकतो, दात सुटला की काटा सरकतो, आणि पुढच्या वेळी यात केसभर फरक पडला तर घड्याळ बिघडलं म्हणायचं. आणि इथे ही पोर! ती शंभरदा पाण्यात तोंड घालायची आणि शंभरदा वेगळी. एकदा ओठ आवळून. एकदा गाल फुगवून. एकदा तर पाण्याशी काहीतरी बोलून मग, जसं कुणाच्या घरात शिरण्याआधी दारात बोलावं. खांदे पाण्याखाली गेले की तिथे उन्हाची जाळी पसरायची, थरथरायची, आणि जाळीतून तेच खांदे वर आले की नवे दिसायचे. दोन वेळा सारखी अशी एकही गोष्ट तिने केली नाही. आणि तरी काही बिघडलेलं नव्हतं. सगळं चालू होतं.

चौथ्या दिवशी ती तरंगली. आधी बाईंचा तळवा तिच्या पाठीखाली होता. मग बाईंनी तो हळूच खाली नेला, वीतभर, आणखी वीतभर, आणि तिला ते कळलंच नाही. ती आकाशाकडे तोंड करून पाण्यावर पडून होती, हात पसरून, आणि तिच्याखाली काही नव्हतं. पाण्याने तिला धरलं होतं. जे पाणी ओंजळीत थांबत नाही, त्याने. घड्याळजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांना वाटलं, उठावं, शेजारच्याला हलवून सांगावं, बघा हो, बघा! पण शेजारी बसलेल्या माणसाच्या मनगटावरही पिवळा पट्टा होता.

तो माणूस म्हणजे निळ्या टोपीवालीचा बाप. बसवर कंडक्टर होता. त्याची पोरगी भिंगरीच्याच वयाची, अंगाने थोडी गुबगुबीत. तिला तो ठमी म्हणायचा. दोन्ही पोरींचे पोहण्याचे कपडे एकाच रंगाचे, गर्द निळे, कारण शिकाऊ मुलांना तलावातूनच ते मिळत. कंडक्टर एरवी बोलका असावा. पट्टा बांधायच्या आधी आणि सोडल्यावर त्याचं तोंड थांबत नसे.

"काका, दिवसभर ओरडून ओरडून घसा बसतो माझा. पुढे चला, पुढे चला. इथे चाळीस मिनिटं गप्प बसायला मिळतं ना, स्वर्ग आहे बघा! बायको म्हणते, घरी पण तो पट्टा बांधून बसत जा."

नवव्या दिवशी अर्ध्या वेळात शिट्टी झाली. मुलांना बाहेर काढून दहा मिनिटं विश्रांती देण्याची पद्धत होती. पोरी बायकांच्या न्हाणीघराकडे पळाल्या. तिथे घड्याळजींना आणि कंडक्टरला जाता येण्यासारखं नव्हतं, तिथली जबाबदारी आतल्या मदतनीस बाईंची. थोड्या वेळाने पोरी खिदळत बाहेर आल्या, टोप्या घातलेल्या, चष्मे लावलेले, आणि पुन्हा पाण्यात उतरल्या. घड्याळजींनी नारिंगी टोपी हेरली आणि तिच्यावर नजर रोवली.

या आठ दिवसांत त्यांनी बघण्याची एक रीत बसवली होती. कारागीरच ते, रीत बसवल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे, डोळाही नाही. उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांवर यायची, ओले चेहरे सगळे एकसारखे चकाकायचे, चष्म्यांनी डोळे झाकलेले. म्हणून ते नारिंगी टोपी धरून ठेवत, जसा चिमट्याने बारीकसा स्क्रू धरावा. टोपी धरली की खालचं सगळं आपोआप हाती येतं, असा त्यांचा हिशेब.

नारिंगी टोपी त्या दिवशी फार छान पोहत होती. थोडी धसमुसळी, पण जोर होता. आज हिला जास्त भूक लागणार, त्यांच्या मनात आलं. एकदा तिच्या मागे, दोरीच्या अंगाला, एक निळी टोपी उभी दिसली. मान मागे टाकलेली, तोंड वर, हात पाण्यात. त्यांनी ती पाहिली. नंतर कितीतरी दिवस त्यांना हे आठवत राहिलं की त्यांनी ती पाहिली होती, अगदी स्पष्ट. कंडक्टरची पोर, ते मनात म्हणाले. तिचा बाप बघतोय. आणि त्यांनी नजर परत नारिंगी टोपीवर आणली, कारण आपलं मूल बघायचं, ज्याने त्याने आपलं.

धप्पकन आवाज झाला. उंच खुर्ची रिकामी होती. बाई पाण्यात होत्या, कपड्यांसकट, आणि खुर्चीखाली उभ्या असलेल्या मदतनीस बाई लांब शिट्टी वाजवत होत्या, एक, दोन, तीन. तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी बाहेर. पोरं भराभरा काठावर चढली. नारिंगी टोपीही चढली आणि बाकाकडे आली. घड्याळजी कंडक्टरकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका. बाई पोचल्यात. काही होणार नाही तुमच्या पोरीला."

कंडक्टरने त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला. आणि त्याने नारिंगी टोपीकडे बोट दाखवलं.

नारिंगी टोपीने चष्मा वर केला. खाली ठमीचा चेहरा होता.

आता सेकंद म्हणजे काय ते घड्याळजींना ठाऊक नसेल तर कुणाला असेल. चाळीस वर्षं त्यांनी सेकंदाला मापात ठेवलं होतं. पण त्या वेळी एक सेकंद त्यांच्यासमोर उघडला आणि त्याला तळच नव्हता. तलाव तसाच निळा होता. पाणी एवढंसंही खवळलेलं नव्हतं. त्याने कुणाला गिळलं आहे असं त्याच्या तोंडावरून मुळीच कळत नव्हतं. इतकं मोठं काही इतक्या गुपचूप घडू शकतं, याचा त्यांना धाक वाटला, आणि तो धाक पुढे कधी पूर्ण गेला नाही.

बाई वर आल्या. काखेत निळी टोपी.

काठावर त्यांनी तिला कुशीवर निजवलं. भिंगरी खोकली. पुन्हा खोकली, पाणी ओकली, आणि मग तिने जे भोकाड पसरलं, त्याने सगळ्या तलावाच्या जिवात जीव आला. घड्याळजी फरशीवर गुडघ्यांवर बसले होते. आपण तिथवर कसे आलो हे त्यांना कळलं नव्हतं.

"आबा," भिंगरी हुंदक्यांत म्हणाली, "आम्ही गंमत केली. तू ओळखतोस का बघत होतो."

बाईंनी ओल्या हातांनी शिट्टी गळ्यातून काढून ठेवली.

"चार सेकंद पूर्ण खाली होती," त्या म्हणाल्या. "ठीक आहे ती. पण नाकातोंडात पाणी गेलं की त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. रडली, हसली, बिस्किट खाल्लं, तरी दाखवायचं. आत्ता."

कंडक्टर घड्याळजींच्या शेजारी येऊन बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज ठमीएवढा झाला होता.

"मला कळलं होतं काका. टोप्या बदलल्यात ते. माझी पोरगी नाक धरून उडी मारते, मी लगेच ओळखली. मला हसूच आलं. वाटलं, तुम्ही पण ओळखलं असेल. सांगणार होतो तुम्हाला, पण..." त्याने मनगटावरच्या पट्ट्याला हात लावला. "बोलायचं नसतं ना. म्हणून नाही बोललो."

घड्याळजींनी आपला पट्टा सोडला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो मागितला नव्हता.

जवळचं इस्पितळ म्हणजे मुलीचंच इस्पितळ. रस्ताभर भिंगरी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून होती आणि ते वाक्य जुळवत होते. एकही जुळेना. मुलगी लांब बोळातून हातात ट्रे घेऊन येत होती. तिने बापाला पाहिलं, खांद्यावरच्या पोरीचे ओले केस पाहिले, आणि ट्रे बाजूच्या टेबलावर ठेवला. अगदी नीट ठेवला, आवाज न करता.

डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं, म्हणाले, सगळं बरं आहे, तरी दुपारपर्यंत नजरेखाली ठेवू. भिंगरी खाटेवर पडल्या पडल्या झोपून गेली. तेव्हा कुठे मुलगी बाहेर येऊन बाकावर बसली.

"किती वेळ?" तिने विचारलं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, क्षणभर. घड्याळजींना तसं म्हणता येईना.

"पाण्याखाली चार सेकंद. बाईंनी सांगितलं. पण त्याआधी अकरा मिनिटं मी तिच्याकडे बघत नव्हतो. दुसऱ्या पोरीकडे बघत होतो. फार नीट बघत होतो गं. एक पापणी लवली नाही."

बोळातून चाकांची खुर्ची गेली, औषधांचा वास गेला.

"मागच्या वर्षी," ती म्हणाली, "आमच्याकडे एक आजी होत्या. मी त्यांच्या उशाशी सगळा दिवस. तोंड पुसलं, पाय चेपले, नाडी दर अर्ध्या तासाने. संध्याकाळी इंजेक्शन भरलं, दंड धरला, आणि त्या सहज म्हणाल्या, माझी मुलगी पण अशीच बारीक आहे. कागदावर लिहिलं होतं, मूलबाळ नाही. खाट बदलली होती बाबा. आदल्या रात्री कुणीतरी खाटा सरकवल्या होत्या. दिवसभर मी ज्यांचं केलं, त्या माझ्या पेशंट नव्हत्याच. घरी कुणाला सांगितलं नाही मी."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले.

"तेव्हापासून मी नाव विचारते. पाच मिनिटांपूर्वी बोललेले असू दे, तरी विचारते. मनगटावर नाव लिहिलेलं असतं, तरी त्यांच्या तोंडून वदवते. लोक वैतागतात. वैतागू देत." तिने डोळे पुसले. मग एकदम तिचा सूर बदलला. "पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. माझी मुलगी होती ती. उद्या तुम्ही जायचं नाही तिला घेऊन. परवाही नाही. पुढचं मला आत्ता विचारू नका."

"नाही विचारत," घड्याळजी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ते एकटेच तलावावर गेले. बाई खुर्चीखाली टेबलाशी बसून नोंदवहीत लिहीत होत्या. कालचा प्रसंग, वेळ, कोण कुठे होतं. त्यांनी वही घड्याळजींपुढे सरकवली. ज्याच्या हातून चुकलं त्याने आपल्या अक्षरात लिहायचं, अशी तिथली रीत. घड्याळजींनी लिहिलं: मी टोपी बघितली, मूल बघितलं नाही.

"माझंही लिहायचंय," बाई म्हणाल्या. "पट्टा बांधलेल्याने बोलू नये हा नियम मीच घातला. गप्पा मारता मारता एक मूल जाताना मी बघितलंय, बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या तलावावर. म्हणून घातला. आणि काल तोच नियम कंडक्टरच्या तोंडाला कुलूप झाला."

"बाई, एक सुचवू का? चुकत असेल तर सोडून द्या."

"बोला की."

"एकच शब्द बोलायची परवानगी द्या. मुलाचं नाव. अधूनमधून हाक मारायची. मुलाने चष्मा वर करून तोंड दाखवायचं आणि ओ द्यायची. माझी मुलगी इस्पितळात तसंच करते."

"इथे बाजार भरेल, काका."

"भरेल."

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. "बघू या भरवून," त्या म्हणाल्या.

त्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी मुलीची सुट्टी होती. सकाळी तिने भिंगरीची पिशवी भरली, चपला घातल्या आणि बापाला नुसतं "चला" म्हणाली. तलावावर पोचल्यावर तिने पट्टा स्वतः बांधून घेतला नाही. बाईंना म्हणाली, "बाबांची परीक्षा परत घ्या. मी मागे बसते."

घड्याळजी बाकावर बसले. मुलगी त्यांच्या पाठीमागे, वरच्या पायरीवर. भिंगरी शिडीवरून उतरताना एक क्षण थबकली. चार दिवसांत पाणी तिला जरा अनोळखी झालं होतं. मग तिने ओठ हलवले, पाण्याशी काहीतरी बोलली आणि आत गेली. कंडक्टरची ठमी शेजारीच होती. त्या दिवशी दोघींच्याही टोप्या पांढऱ्या होत्या. बाईंनी मुद्दामच सगळ्या शिकाऊ मुलांना पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या.

पाण्यावर बावीस पांढरी डोकी. धरायला कुठलीच खूण नाही. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी श्वास घेतला आणि हाक मारली. या माणसाने उभ्या आयुष्यात भर रस्त्यात कुणाला हाक मारली नव्हती. आवाज कुठून काढायचा हेच त्यांना माहीत नव्हतं. पहिली हाक काठापर्यंतही गेली नाही.

"भिंगरी!" त्यांनी पुन्हा हाक मारली.

एका डोक्याने चष्मा वर केला. "ओ, आबा!"

हीच. ही, हे नाक, हे पडलेल्या दाताचं खिंडार. ते बघत राहिले. दोन मिनिटांनी पुन्हा. "भिंगरी!" "ओ!" पुन्हा. "ओ म्हटलं ना!" पुन्हा. "आबा, मी तीच आहे!"

काठावर हशा पिकला. मग शेजारून कंडक्टरने आपला बसमधला आवाज लावला, "ठमेऽऽ!" आणि पलीकडच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. मग कुणाची तरी मावशी ओरडली, कुणाचा तरी बाप. नावं पाण्यावरून जाऊ लागली आणि एकेका नावाला पाण्यातून एकेक चेहरा वर येऊ लागला, ओला, चकाकणारा, वैतागलेला. बावीस डोक्यांतून नेमका तोच. घड्याळजींना वाटलं, हे इतकं साधं आहे आणि इतकं अजब आहे की यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नाव घेतलं की माणूस येतो!

"बाबा," मागून मुलीचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. वळायचं नव्हतं, बोलायचंही नव्हतं. तिला ते माहीत होतं, म्हणून तीच त्यांच्या पाठीशी बोलत राहिली.

"हाक मारायच्या आधी तुमचे खांदे वर जातात. भ्यायल्यासारखे. तिने ओ दिली की खाली येतात. प्रत्येक वेळी, बाबा. वीस मिनिटं झाली, मी तेच बघतेय."

पाण्यात भिंगरी उताणी झाली, हात पसरले, आणि पाण्याने तिला उचलून धरलं. घड्याळजींचे डोळे भरून आले, पण पुसायला हात वर नेला तर डोळ्यांपुढे हात येईल, म्हणून त्यांनी नेला नाही.

"उद्या माझी सहाची पाळी आहे," मुलगी म्हणाली. "पिशवीत टॉवेल दोन ठेवत जा. एक ती हमखास पाण्यात पाडते."

घड्याळजींनी खांदे वर घेतले आणि नातीला हाक मारली.